वाऱ्याचा पत्ता शोधणारा शास्त्रज्ञ : व्हिक्टर हेस



परिसर अभ्यासात आपण मुलांना हवेचे घटक शिकवतो. नायट्रोजन, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, बाष्प, धूळ. फळ्यावर यादी झाली की पाठ संपतो. पण या यादीत कधीच न येणारी एक गोष्ट आपल्या प्रत्येक श्वासाबरोबर आत जात असते. ती म्हणजे हवेतल्या बारीक कणांना चिकटलेले नैसर्गिक किरणोत्सारी अणू.

घाबरू नका. किरणोत्सार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिरोशिमा नाहीतर चेर्नोबिल उभं राहतं. हवेतला हा किरणोत्सार मात्र माणूस पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधीपासूनचा आहे. त्याच्या दोन वाटा आहेत. एक खालून, जमिनीतून येते. दुसरी वरून, आकाशातून येते. आणि गंमत अशी, की या दोन वाटांचे अणू मोजले तर समोरचा वारा कुठून आला आहे, समुद्रावरून, जमिनीवरून की खूप उंचावरून, हे सांगता येतं. यातली वरची वाट ज्यांनी स्वतः फुग्यात बसून शोधली, त्या व्हिक्टर हेस यांची ओळख आज आपण करून घेऊया.

थोडक्यात ओळख

पूर्ण नाव : व्हिक्टर फ्रान्झ हेस
जन्म : २४ जून १८८३, वाल्डस्टाइन, स्टायरिया प्रांत, ऑस्ट्रिया
शिक्षण : ग्राझ विद्यापीठ, डॉक्टरेट १९०६
मुख्य कार्य : विश्वकिरणांचा शोध, १९१२
सन्मान : भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक, १९३६ (कार्ल अँडरसन यांच्याबरोबर विभागून)
मृत्यू : १७ डिसेंबर १९६४, माउंट व्हर्नन, न्यूयॉर्क राज्य, अमेरिका

बालपण आणि शिक्षण

हेस यांचे वडील एका सरदार घराण्याच्या जंगलांची देखरेख करणारे वनाधिकारी होते. शाळा आणि महाविद्यालय दोन्ही ग्राझ या शहरात झालं. डॉक्टरेट मिळाल्यावर बर्लिनला जाऊन पॉल ड्रूड या नामवंत प्राध्यापकांकडे प्रकाशावर संशोधन करायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पण हेस तिकडे पोहोचण्याआधीच, १९०६ साली ड्रूड यांचा अचानक मृत्यू झाला. सगळा बेतच फिसकटला.

मग हेस व्हिएन्नाला गेले. तिथे किरणोत्सार या अगदी ताज्या विषयावर जोरात काम चाललं होतं. हवेतल्या किरणोत्सारी पदार्थांचं प्रमाण कसं मोजायचं, हा त्यांच्या सुरुवातीच्या अभ्यासाचा भाग होता. १९१० मध्ये व्हिएन्नाला रेडियम संशोधन संस्था सुरू झाली आणि हेस तिथे स्टेफान मायर यांचे सहायक झाले. प्रकाशाचा अभ्यास करायला निघालेला तरुण हवेच्या अभ्यासात आला तो असा.

कोडं काय होतं?

विज्ञानाच्या पुस्तकातला सुवर्णपत्र विद्युतदर्शी आठवतो ना? विद्युतप्रभार दिला की त्याची दोन पानं एकमेकांपासून दूर जातात. पण नुसता ठेवून दिला, कितीही चांगला बंद केला, तरी हळूहळू ती पानं पुन्हा जवळ येतात. प्रभार गळून जातो. याचा अर्थ, आतल्या हवेत प्रभारित कण म्हणजे आयन सतत तयार होत असले पाहिजेत. ते कोण तयार करतं?

१८९६ साली बेकरेल यांनी किरणोत्सार शोधला आणि उत्तर हाताशी आलं. किरणोत्सारी पदार्थांतून निघणारे किरण हवेचे आयन करतात. पुढे १९०१ च्या सुमारास एल्स्टर आणि गायटेल या दोन जर्मन शिक्षकांनी उघड्या हवेत विद्युतप्रभारित तार ताणून ठेवली, तर त्या तारेवर किरणोत्सारी पदार्थ जमा झाला. म्हणजे हवेतच किरणोत्सार होता! (हे दोघे शाळेत शिकवणारे होते, हे आपण शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे.)

हा पदार्थ येतो कुठून? जमिनीतून. माती आणि खडकांत युरेनियम, थोरियम, रेडियम अगदी थोड्या प्रमाणात सगळीकडे असतं. रेडियमपासून रेडॉन नावाचा वायू तयार होतो. तो मातीच्या फटींतून बाहेर पडून हवेत मिसळतो. रेडॉनचं अर्धायुष्य सुमारे ३.८ दिवस. म्हणजे तेवढ्या काळात त्याचे निम्मे अणू बदलून जातात आणि त्यांच्यापासून पोलोनियम, शिसं, बिस्मथ यांचे किरणोत्सारी अणू बनतात. हे अणू वायू नसतात. ते लगेच हवेतल्या धुळीच्या, धुराच्या, मिठाच्या सूक्ष्म कणांना चिकटतात आणि त्या कणांवर बसून वाऱ्याबरोबर प्रवास करतात.

तेव्हा सगळ्यांनी मान्य केलं, की हवेतले आयन जमिनीतल्या किरणोत्सारामुळेच तयार होतात. कोडं सुटलं असं वाटलं.

शंका

हे खरं असेल तर जमिनीपासून जसजसं उंच जावं तसतसे आयन कमी व्हायला हवेत. टेओडोर वुल्फ या धर्मगुरू असलेल्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी एक मजबूत, नेता येण्याजोगं उपकरण बनवलं आणि १९१० मध्ये ते पॅरिसच्या आयफेल टॉवरवर नेलं. सुमारे ३०० मीटर उंचीवर आकडा घटला खरा, पण अपेक्षेपेक्षा खूपच कमी घटला. इटलीत डोमेनिको पाचिनी यांनी १९११ मध्ये उपकरण समुद्राच्या पाण्याखाली बुडवून पाहिलं. तिथे आकडा कमी झाला. म्हणजे किरणांचा काही भाग जमिनीखेरीज दुसरीकडून येतो, असं त्यांना दिसलं.

हेस यांनी आधी जमिनीवरच एक काम केलं. रेडियमचे किरण हवेतून जाताना किती अंतरावर विरून जातात हे त्यांनी नीट मोजलं. हिशोब असा निघाला, की जमिनीतून निघालेले किरण पाचशे मीटरच्या वर जवळजवळ उरायलाच नकोत. आता प्रश्न सरळ झाला. पाचशे मीटरच्या खूप वर जाऊन बघायचं.

फुग्यातून प्रवास

१९११ मध्ये हेस दोनदा फुग्यातून वर गेले आणि १९१२ मध्ये सात वेळा. दिवसा गेले, रात्री गेले. १७ एप्रिल १९१२ ला खंडग्रास सूर्यग्रहणाच्या वेळीही गेले. सूर्य झाकला गेला तरी किरण कमी झाले नाहीत. तेव्हा या किरणांचा मुख्य उगम सूर्य नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

सगळ्यात महत्त्वाचं उड्डाण ७ ऑगस्ट १९१२ चं. बोहेमियातल्या आउसिग गावातून (आज ते चेक प्रजासत्ताकात आहे, नाव उस्ती नाद लाबेम) पहाटे सहाच्या सुमारास हायड्रोजन भरलेला फुगा निघाला. फुग्याखालच्या टोपलीत तिघे होते : फुगा चालवणारे, हवामानाच्या नोंदी घेणारे आणि हेस. हायड्रोजन म्हणजे एका ठिणगीने पेट घेणारा वायू. वर हवा विरळ आणि थंड. हेस यांच्याजवळ वुल्फ यांच्या पद्धतीची तीन उपकरणं होती आणि काम होतं ते ठरावीक वेळाने त्यांतले आकडे वाचून लिहीत राहण्याचं.

फुगा ५,३५० मीटरपर्यंत चढला आणि दुपारी बाराच्या सुमारास बर्लिनच्या पूर्वेला उतरला. वहीतले आकडे असे बोलत होते. जमिनीवरून निघाल्यावर सुरुवातीला आयन थोडे घटले. साधारण हजार मीटरच्या पुढे घट थांबली. मग आकडा वाढू लागला आणि पाच हजार मीटरवर तो जमिनीवरच्या जवळपास दुप्पट झाला.

इथे आपण जरा थांबूया. पाठ्यपुस्तकात साधारण एकच ओळ असते, की हेस यांनी विश्वकिरण शोधले. पण त्या वहीत दोन गोष्टी होत्या. आधी घट, मग वाढ. घट सांगत होती, की खालून येणारा किरणोत्सार खरा आहे आणि आपण त्याच्यापासून दूर चाललो आहोत. वाढ सांगत होती, की वरूनही काहीतरी येतं आहे. हवेत तरंगणारा रेडॉन आणि त्याच्या अणूंमुळे ही वाढ झाली असेल का, हाही विचार हेस यांनी केला. पण रेडॉन जमिनीतून येतो, वर जाताना विरळ होत जातो आणि वाटेतच संपत जातो. एवढी वाढ त्याने होणं शक्य नव्हतं. तेव्हा त्यांनी मांडलं, की अतिशय भेदक किरण बाहेरून, वातावरणाच्या वरून येत आहेत.

लगेच सगळ्यांनी मानलं असं नाही. वेर्नर कोलहोर्स्टर यांनी १९१३-१४ मध्ये नऊ हजार मीटरच्या वर जाऊन तेच पाहिलं. मग महायुद्ध आलं. अमेरिकेतल्या रॉबर्ट मिलिकन यांना आधी शंका होती. १९२५ मध्ये त्यांची स्वतःचीच खात्री पटली आणि त्यांनी या किरणांना कॉस्मिक किरण हे नाव दिलं. अमेरिकी वर्तमानपत्रांत तर हे किरण मिलिकन यांच्याच नावाने गाजले. हेस यांना नोबेल मिळालं ते १९३६ मध्ये, उड्डाणानंतर चोवीस वर्षांनी.

किंमत

हेस यांनी आयुष्यभर रेडियम हाताळलं. १९२१ ते १९२३ या काळात ते अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या एका रेडियम कंपनीच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. अंधारात चमकणारा रंग घड्याळांच्या तबकड्यांवर लावणाऱ्या मुली पुढे आजारी पडल्या आणि त्यांतल्या अनेकींचा मृत्यू झाला, ती हीच कंपनी. रेडियम शरीरात गेलं तर काय करतं, हे जगाला त्या मुलींमुळे कळलं. हेस स्वतःही सुटले नाहीत. रेडियममुळे झालेल्या जखमेपायी १९३४ मध्ये त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा कापावा लागला.

दुसरा घाव राजकारणाचा. मार्च १९३८ मध्ये नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. हेस निष्ठावान कॅथलिक होते आणि त्यांच्या पत्नी ज्यू होत्या. ग्राझ विद्यापीठातली नोकरी गेली. अटकेचा धोका दिसू लागला तेव्हा नोबेल मिळून दोन वर्षंही न झालेला हा शास्त्रज्ञ पत्नीला घेऊन स्वित्झर्लंडमध्ये निघून गेला. पुढे न्यूयॉर्कच्या फोर्डहॅम विद्यापीठाने त्यांना प्राध्यापक म्हणून बोलावलं. १९४४ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले.

नव्या देशातही काम तेच होतं, मोजण्याचं. माणसाच्या शरीरात गेलेलं अगदी थोडं रेडियमसुद्धा बाहेरून ओळखता यावं, अशी पद्धत त्यांनी सहकाऱ्याबरोबर बसवली. अणुबॉम्ब पडल्यानंतर त्यातली किरणोत्सारी धूळ अमेरिकेत येऊन पडते का, हे १९४६ मध्ये तपासणाऱ्या पहिल्या काही शास्त्रज्ञांत ते होते. अणुचाचण्या निर्धोक आहेत असं छातीठोकपणे म्हणण्याइतकं ज्ञान आपल्याकडे नाही, अशी त्यांची भूमिका होती.

मग वाऱ्याचा पत्ता कसा कळतो?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. हेस यांना सापडलेले विश्वकिरण वातावरणाच्या वरच्या थरात नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या अणुकेंद्रांवर आदळतात आणि त्यांचे तुकडे पाडतात. त्यातून बेरिलियम-७ नावाचा किरणोत्सारी अणू तयार होतो. त्याचं अर्धायुष्य सुमारे ५३ दिवस. हाही लगेच सूक्ष्म कणांना चिकटतो आणि हळूहळू खाली येतो. हा शोध हेस यांचा नाही. निसर्गातलं बेरिलियम-७ १९५० च्या दशकाच्या मध्यात सापडलं. पण त्याची मुळं त्या फुग्यातल्या वहीत आहेत. आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट ही, की १९५६ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या देवेंद्र लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पावसाच्या पाण्यात विश्वकिरणांनी तयार केलेलं बेरिलियम शोधलं. हा जगातल्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक आहे.

म्हणजे आता आपल्याकडे दोन खुणा झाल्या.

१) जमिनीची खूण : शिसं-२१०. रेडॉनपासून शेवटी शिसं-२१० बनतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं. जमिनीच्या दर चौरस सेंटीमीटरमधून दर सेकंदाला ढोबळमानाने एक रेडॉन अणू बाहेर पडतो. समुद्रातून मात्र त्याच्या शंभरावा हिस्साच. म्हणून जी हवा बरेच दिवस खंडावरून फिरून आली, तिच्या कणांवर शिसं-२१० जास्त. जी समुद्रावरून आली, तिच्यात कमी.

२) आकाशाची खूण : बेरिलियम-७. उंचावरची कोरडी हवा खाली उतरली, की तिच्या कणांवर हे जास्त सापडतं. जमिनीलगत रेंगाळलेल्या हवेत कमी.

मोजतात कसं? पंपाने शेकडो घनमीटर हवा गाळण-कागदातून ओढतात. कण कागदावर अडकतात. मग तो कागद शिशाच्या जाड भिंतींच्या पेटीत, संवेदकासमोर ठेवतात. गॅमा किरण सोडणाऱ्या प्रत्येक प्रकारच्या किरणोत्सारी अणूच्या किरणांची ऊर्जा ठरावीक असते, त्यावरून तो कोण ते कळतं. दुसरीकडे हवामानाच्या नोंदी घेऊन संगणक ती हवा गेले काही दिवस कुठून कुठून आली याचा उलटा मार्ग काढतो. कागद आणि नकाशा शेजारी ठेवले, की वाऱ्याचा पत्ता पक्का होतो. यात पावसाचाही हिशोब धरावा लागतो, कारण जोराचा पाऊस दोन्ही खुणा धुऊन जमिनीवर आणतो.

हे ज्ञान कामाचं कुठे पडतं? २८ एप्रिल १९८६ ला स्वीडनमधल्या एका अणुवीज केंद्रात कर्मचाऱ्याच्या बुटांवर किरणोत्सार सापडला. गळती त्या केंद्रात नव्हतीच. वाऱ्याचा मार्ग उलटा काढला तर बोट सोव्हिएत संघाकडे गेलं आणि चेर्नोबिलचा अपघात जगाला कळला. नेहमीचं काय आणि वेगळं काय, हे ओळखायचं तर नेहमीचं आधी मोजून ठेवलेलं लागतं. नैसर्गिक किरणोत्साराच्या रोजच्या कंटाळवाण्या नोंदींचं मोल तेच आहे.

आपल्या अंगणात

आपल्याकडे वर्षातून दोनदा वारा पत्ता बदलतो, त्यामुळे मुलांना हे समजावणं सोपं आहे. जून ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून येतात. त्यांत रेडॉन कमी आणि समुद्राच्या मिठाचे कण भरपूर. शिवाय ओल्या मातीतून रेडॉनही कमी बाहेर पडतो. हिवाळ्यात वारा जमिनीवरून, ईशान्येकडून येतो. जमीन कोरडी, हवा स्थिर, म्हणून जमिनीची खूण वाढते. त्यातही महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसॉल्ट खडकाचा आहे आणि बेसॉल्टमध्ये ग्रॅनाइटपेक्षा युरेनियम कमी असतं.

पालकांसाठी एक हिशोब. एक घनमीटर हवेत बेरिलियम-७ साधारण काही मिलिबेकरेल असतं. म्हणजे एका मोठ्या पेटीएवढ्या हवेत काही मिनिटांनी कुठे एक अणू फुटतो. याची भीती बाळगायचं कारण नाही. रेडॉन मात्र कायम बंद राहणाऱ्या खोलीत साठू शकतो आणि असा साठलेला रेडॉन दीर्घकाळ श्वासात गेला तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. उपाय आपल्या आजीलाही माहीत होता. सकाळी खिडक्या उघडायच्या.

वर्गात काय घेता येईल?

• नकाशावर जुलै आणि जानेवारीतल्या वाऱ्यांचे बाण काढायला सांगा. प्रत्येक बाणापुढे तो वारा सोबत काय आणत असेल ते मुलांनी लिहावं.
• काचेची बरणी, तार आणि ॲल्युमिनियमचा पातळ कागद वापरून विद्युतदर्शी बनवा. पानं किती वेळात मिटतात ते घड्याळ लावून नोंदवा. दमट दिवशी आणि कोरड्या दिवशी फरक पडतो. आपल्या बरणीतला प्रभार मुख्यतः दमटपणामुळे गळतो, हेही मुलांना सांगा. विश्वकिरण पकडण्याइतकं हे उपकरण नाजूक नाही.
• पांढऱ्या कापडाचा ओला तुकडा खिडकीत दिवसभर टांगा. त्यावर धूळ दिसेल, किरणोत्सार दिसणार नाही. पण कण वाऱ्यावर बसून येतात हे मुलं डोळ्यांनी पाहतील.
• हेस यांच्या उड्डाणाचा साधा आलेख काढायला लावा : आधी थोडी घट, मग वाढ. नंतर एकच प्रश्न विचारा. ते हजार मीटरवरूनच खाली उतरले असते, तर त्यांनी काय निष्कर्ष काढला असता?

शेवटच्या प्रश्नाला भरपूर वेळ द्या. उत्तर लगेच सांगू नका. वर्गातला एखादा शांत बसणारा मुलगा किंवा मुलगी, अजून वर जाऊन बघायला हवं, असं म्हणेल. त्या दिवशीचा पाठ तिथे पूर्ण झाला असं समजा.